प्लेटांचा बाप्तिस्मा

अकरा वर्षं ओलविदो कारेन्यो आपल्या सख्ख्या भावाशी एक शब्द बोलली नव्हती. ऐकायला सोपं वाटतं. पण दोघांचं काम एकाच पाइपाच्या दोन टोकांना असलं, की न बोलणं हेही एक कामच होऊन बसतं, आणि त्याचा पगार मिळत नाही.

पाइपाच्या त्या टोकाला बेलार्मिनो. पोलादाच्या भट्ट्यांवर जमलेली धूळ ट्रकनं यायची, तो ती सोड्याच्या पाण्यात धुवायचा, मग आम्लात विरघळवायचा. त्या धुळीत जस्त असतं, पण त्याच्या जोडीला सतरा प्रकारची घाणही असते. ती घाण काढायची हे त्याचं काम. पाइपाच्या या टोकाला ओलविदोचा हॉल. ते पाणी तिच्या हौदांत यायचं, हौदांत ॲल्युमिनियमच्या प्लेटा टांगलेल्या असायच्या, वीज सोडली की त्यांच्यावर जस्त चढायचं. दोन दिवसांनी प्लेट उचलायची, जस्ताचा पत्रा सोलून काढायचा, प्लेट पुन्हा हौदात. पाणी जरा गरम आलं, की ओलविदो कागदाच्या कपट्यावर लिहायची, ‘गरम येतंय.’ क्रेनवरची चेलो तो कपटा घेऊन जायची आणि मागच्या बाजूला उत्तर घेऊन यायची, ‘बघतो.’ अकरा वर्षांचा भावाबहिणीचा संवाद म्हणायचा तर तो एवढाच.

कारण? आमच्या सान्तोलाया गावात कुणालाही विचारा. संपाचा एकतिसावा दिवस होता. बेलार्मिनो मागच्या गेटनं मोटारीत बसून आत गेला. डोक्यावर घोंगडी घेऊन! तो गेला, त्याच्या मागोमाग वीस गेले, संप मोडला. मोडल्यावर नऊ जणांना काढलं आणि त्यांतला एक ओलविदोचा नवरा साबिनो. तो काम शोधायला नॉर्वेला गेला. काम मिळालं, एक बाईही मिळाली, आणि तो तिकडचाच झाला. आईच्या मातीला दोघं भावंडं आली तेव्हा शवपेटीच्या दोन बाजूंना उभी राहिली, आणि पाद्र्यानं एकमेकांचा हात धरून शांती द्या म्हटल्यावर दोघांनीही शेजारच्या माणसाचा हात धरला.

असो. जुनं दुखणं होतं ते. नवं दुखणं आलं ऑक्टोबरात, आणि ते आलं माद्रिदहून.

कंपनीनं बोर्खा नावाचा एक इंजिनियर धाडला होता. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना कँटीनमध्ये उभं करून सांगितलं ते असं. युरोपात जस्त काढायचं म्हणजे वीज पिणारा हत्ती दारात पोसायचा. बाहेरचा माल स्वस्त येतो. तेव्हा आता एकच वाट आहे: बोटीनं येणारं खनिज कमी करायचं आणि भट्ट्यांच्या धुळीतून, म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या भंगारातून जस्त काढायचं. ब्रसेल्सहून युरोपीय संघाची तीन माणसं येतील. त्याआधी अठ्ठेचाळीस तासांची एक चाचणी सुरू होईल, निव्वळ धुळीच्या पाण्यावर, आणि पत्रे त्यांच्यासमोर सोलायचे. पत्रे नीट निघाले, तर दहा वर्षं स्वस्त वीज मिळावी अशी शिफारस ते करतील. नाही निघाले तर नाताळात हॉल नंबर दोन बंद.

हॉल दोनमध्ये एकशे चाळीस माणसं होती. ओलविदो त्यांची फोरमन.

सोमवारी जुन्या प्लेटा भंगारात गेल्या आणि नव्या आल्या. पाचशेच्या वर, सगळ्या लाकडी खोक्यांत, मध्ये मध्ये पातळ कागद घालून. बोर्खानं एक प्लेट बोटानं वाजवून दाखवली.

“बघा, ओलविदोबाई. जर्मन माल. आरसा आहे आरसा! पाहुणे आत आले की त्यांना आपलं तोंड दिसलं पाहिजे.”

“तोंड बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? ब्रसेल्सात आरसे मिळत नाहीत का?” चेलो क्रेनच्या शिडीवरून म्हणाली.

बोर्खा हसला नाही. तो हसायचाच नाही, हसण्याचा कागद त्याला वरून आलेला नव्हता बहुतेक.

ओलविदो मात्र त्या प्लेटांकडे बघत होती. कोऱ्या करकरीत. आणि तिला ठाऊक होतं, या हॉलमध्ये कोरी प्लेट कधीही थेट हौदात जात नाही. आधी तारेच्या ब्रशनं घासायची. मग एक दिवस आणि एक रात्र चौदा नंबरच्या हौदात ठेवायची. चौदा नंबरला फक्त खनिजाचं पाणी यायचं, निवळ. तिथं प्लेटेला जस्ताचा पहिला पापुद्रा धरायचा. तो सोलून टाकायचा. मग ती प्लेट शहाणी झाली. पुढं कसलंही पाणी येऊ दे, पत्रा चिकटत नाही. धुळीचं पाणी कितीही धुतलं, तरी त्यात एक बारीकसा क्षार उरतोच. शहाण्या प्लेटेला त्याचं काही नाही, पण कोऱ्या प्लेटेला तो चावतो, आणि मग जस्त तिला असं धरून बसतं की छिन्नी मारली तरी सुटत नाही. हॉलमधले लोक या प्रकाराला बाप्तिस्मा म्हणायचे, कारण ओलविदोच्या आधीचा म्हातारा फोरमन आंतोलिन प्रत्येक प्लेटेवर सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, एक शिंतोडा मारायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. वर्षाला वीस-तीस प्लेटा बदलायच्या, लिहितो कोण?

“साहेब,” ओलविदो म्हणाली, “या कोऱ्या प्लेटा अशा एकदम नाही टाकत. आम्ही आधी त्या चौदा नंबरला...”

बोर्खानं हात वर केला. “बाई, एक सांगू? तुमच्या या ‘आम्ही आधी’मुळेच हा कारखाना बुडायला आलाय. कार्यपद्धती छापून दिलीय तुम्हाला. बारा पानं. त्यात चौदा नंबर आहे कुठं?”

“नाही.”

“मग झालं तर. उद्या सहाला प्लेटा आत.” तो निघाला, आणि जाता जाता वळून म्हणाला, “आणि पत्रा चिकटण्याची तुम्हाला भीती असेल, तर चिकटण्याचं कारण एकच असतं. कच्ची धुलाई. तुमच्या भावाला मी तसं लेखी देऊन ठेवलंय. काही झालं तर तो घरी.”

खोटं कशाला बोला, ओलविदोला आनंद झाला. पोटातून झाला. बारा पानं वाचणाऱ्या त्या टोणग्याला तोंडघशी पडताना बघायला मिळणार, आणि वर बेलार्मिनो घरी! तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची तिला अकरा वर्षांची सवय होती.

मंगळवारी पहाटे चेलो क्रेनमधून खाली वाकली. “ओलविदो, अगं, बाप्तिस्मा नाही करायचा यांचा?”

“साहेबाला विचार.”

“मी तुला विचारतेय.”

“आणि मी तुला सांगतेय. टाक.”

चेलोनं टाकल्या. शेवटच्या हौदात सहा प्लेटा कमी पडल्या, तिथं तिनं भंगारात जायच्या राहिलेल्या जुन्या सहा लावल्या. वीज सुरू झाली.

बुधवारी संध्याकाळी सगळे नेहमीच्या सायडरच्या दुकानात जमले. आमच्याकडे सायडर बाटली डोक्याच्या वर धरून ओततात, ग्लासात बोटभर पडतं, ते एका दमात प्यायचं, तळाचा घोट जमिनीवर फेकायचा आणि ग्लास पुढच्याला द्यायचा. सगळ्या घोळक्याला ग्लास एकच. बेलार्मिनोला मात्र दुकानदार वेगळा ग्लास द्यायचा. अकरा वर्षं. आधी ओलविदोनं तसं बजावलं होतं, मग ती रीतच पडली. तो तक्रार करायचा नाही. कोपऱ्यात उभा राहून स्वतःच ओतून घ्यायचा आणि अर्धं जमिनीवर सांडायचा.

त्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले होते. हात कोपरापर्यंत लाल, सोड्यानं सोललेले.

“धूळ तीनदा धुतली म्हणे यानं,” चेलो कुजबुजली. “दोनदा धुवायची असते. दोन दिवस घरी गेला नाही, त्याची बायको डबा घेऊन गेटवर आली होती.”

“मग? आरती ओवाळू त्याची?”

“आरती राहू दे. पत्रा अजून पातळ आहे. आत्ता प्लेटा उपसल्या तर हातानं ओरबाडून काढता येईल. रात्रीत बाप्तिस्मा सुरू करू आणि पाहुण्यांना सांगू, थोडे दिवस थांबा.”

“तुला कुणी फोरमन केलं?”

“ओलविदो, एकशे चाळीस माणसं आहेत गं. त्यात मी पण आहे!”

“ती माणसं संपातही होती,” ओलविदो म्हणाली. “तेव्हा याला दिसली नाहीत.”

तिनं ग्लास रिकामा केला, तळाचा घोट फेकला. चेलोनं पुढं केलेला हात तिला दिसला, पण तिनं ग्लास दुसऱ्यालाच दिला.

गुरुवारी सकाळी आठला पाहुणे आले. दोन पुरुष आणि त्यांची म्होरकी डेस्मेट बाई, साठीची, पांढऱ्या हेल्मेटमध्ये, स्पॅनिश मोजूनमापून बोलणारी. बोर्खानं सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. बेलार्मिनोलाही बोलावलं होतं. तो पाइपापाशी उभा होता, ओलविदो पत्रे सोलायच्या यंत्रापाशी. दोघांच्या मध्ये दहा पावलं आणि ब्रसेल्स.

चेलोनं पहिल्या हौदातल्या प्लेटा उचलल्या. पाणी निथळलं, पत्रे करडे, चकचकीत, बघण्यासारखे. डेस्मेट बाई पुढं वाकली. यंत्राची पाती खाली आली, प्लेटेच्या वरच्या काठाला भिडली, आणि कर्र असा आवाज आला की सगळ्यांचे दात आंबले. पत्रा हलला नाही. पाती पुन्हा आली. प्लेटेवर चरा पडला, पत्रा तसाच.

दुसरी प्लेट. तिसरी. दहावी. बोर्खाच्या मानेवर लाल डाग चढले. दोन माणसं छिन्नी-हातोडा घेऊन आली, दणादण ठोकू लागली, आणि हातभर पत्र्याचा कपचा उडून पाहुण्यांच्या पायाशी पडला.

“थांबा,” डेस्मेट बाई म्हणाली. “हे काय आहे?”

बोर्खा खापर फोडायला टपलेलाच होता. “धुलाई, बाई. कच्ची धुलाई. मी लेखी इशारा दिला होता. हे जबाबदार आहेत.” त्यानं बेलार्मिनोकडे बोट केलं.

“माझं पाणी साफ आहे,” बेलार्मिनो म्हणाला. “तपासून घ्या.”

“तपासायचं काय त्यात? समोर दिसतंय! बाई, तुम्हाला स्पष्टच सांगतो, हे इथलं जुनं दुखणं आहे. धुलाईच्या शेडमध्ये पाट्या टाकतात. वर्षानुवर्षं तेच. असल्या ढिसाळ लोकांना घेऊन...”

ओलविदोनं भावाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, आता त्याचा चेहरा पडेल आणि आपल्या जिवाला थंडावा मिळेल. चेहरा पडला. थंडावा नाही मिळाला, उलट तळपायाची आग मस्तकात गेली. ढिसाळ? अकरा वर्षं ती रोज ते पाणी हौदात घेत होती. पाण्याचा रंग बघून तिला कळायचं, आज त्यानं किती वेळ ढवळलंय. गरम यायचं कधीमधी, पण घाण? एकदासुद्धा नाही. माणूस नासका होता, पाणी नव्हतं. आणि हा कालचा पोरगा, ज्याला हौदातलं काही कळत नाही, तो कारेन्योंच्या कामाला ढिसाळ म्हणणार?

“ए साहेब,” ती म्हणाली. “तोंड आवरा.”

सगळे वळले.

“हा माणूस गद्दार आहे,” ती डेस्मेट बाईला म्हणाली. “उद्या मेला तर मी त्याच्या मातीलासुद्धा जायची नाही. पण त्याचं पाणी साफ आहे. चूक प्लेटांची आहे. कोऱ्या टाकल्या, त्यांना आधी निवळ पाण्यात पापुद्रा धरू दिला नाही, म्हणून चिकटल्या.”

“बारा पानांत असं काही...” बोर्खानं सुरुवात केली.

“बारा पानं गेली चुलीत! चेलो, शेवटचा हौद उचल. त्यात सहा जुन्या प्लेटा आहेत. पाणी तेच, वीज तीच, वेळ तीच.”

क्रेन हॉलभर घरंगळत गेली. सहा प्लेटा आल्या. पाती खाली उतरली, नुसती टेकली, आणि पहिला पत्रा खाडकन सुटून खाली पडला. दुसरा, तिसरा. सहावा तर ओलविदोनं पातीची वाट न बघता कोपऱ्यात नख घालून हातानंच सोलून काढला आणि डेस्मेट बाईच्या हातात दिला.

बाईनं तो उलटापालटा केला. मग अगदी शांतपणे विचारलं, “हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

ओलविदोला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच सुचलं, असं म्हणता आलं असतं. पण क्रेनमधून चेलो खाली बघत होती.

“सोमवारी प्लेटा आल्या तेव्हापासून.”

“म्हणजे प्लेटा आत टाकण्याच्या आधीपासून.”

“हो.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“एकदा तोंड उघडलं होतं. यांनी बंद केलं. मग मी ते बंदच ठेवलं. मला हवं होतं ते चिकटायला.”

छिन्नीवाल्या दोघांतला एक जण पुटपुटला, तो काय म्हणाला हे ओलविदोला नीट ऐकू आलं, आणि तसला शब्द तिला आजवर कुणी वापरला नव्हता.

दुपारपर्यंत निकाल लागला. धातू उत्तम आहे, असं डेस्मेट बाईनं लिहून दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी, शेवटची. अट एकच, ही फोरमन हॉलमध्ये नसेल. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, ती म्हणाली, पण माहीत असून गप्प बसणारा माणूस मला मोजता येत नाही. बोर्खानं हात झटकले आणि कागदावर लिहिलं की फोरमननं त्याला काहीच कळवलं नव्हतं. ओलविदोची निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती घरी बसून काढायची असं ठरलं. आणि हॉल नंबर दोन तोपर्यंत कुणी सांभाळायचा? पाण्याची ज्याला सगळ्यांत जास्त जाण आहे त्यानं. बेलार्मिनोनं.

पाच वाजता ती कपाटातलं सामान पिशवीत भरून गेटवर आली. लोक पाळी बदलून बाहेर पडत होते. तिला बघून बाजूनं जात होते, रस्त्यात काही सांडलेलं असावं तसे. चेलोसुद्धा थांबली नाही.

बेलार्मिनो थांबला होता. पहारेकऱ्याच्या खोलीला टेकून, हातात डायरी. ओलविदो त्याच्यापासून चार पावलांवर उभी राहिली. तिनं मनाशी कितीही नाही म्हटलं, तरी ती वाट बघत होती. भर सभेत तिनं त्याची नोकरी वाचवली होती, स्वतःची घालवून. माणूस काहीतरी म्हणेलच की.

“मला तुझी साक्ष नको होती,” तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याचा आवाज घोगरा झाला होता, हे तिला इतक्या जवळून आत्ता कळलं.

“तुझ्यासाठी नव्हती ती.”

“माहीत आहे मला.” तो तिच्या तोंडाकडे बघत होता. “त्या वर्षी मी मागच्या गेटनं आत गेलो ना, ते माझं एक घर वाचवायला. त्यात तुझा साबिनो गेला, आणखी आठ जण गेले. माझ्या हातून पाप झालं. वेगळा ग्लास दिलात, घेतला. पण तू? तू दोन दिवस एकशे चाळीस घरांना आग लागलेली बघत बसलीस, का, तर त्यात मी भाजावा म्हणून. मला घोंगडी तरी घ्यावी लागली, ओलविदो. तू तर उघड्या डोक्यानं उभी होतीस.”

तिच्याजवळ अकरा वर्षांच्या शिव्या साठलेल्या होत्या, रोज रात्री घासूनपुसून ठेवलेल्या. त्यांतली एकही या बोलण्याला पुरली नाही.

“आता सांग,” बेलार्मिनोनं डायरी उघडली. “चौदा नंबरला किती तास?”

न सांगण्याची ही शेवटची संधी होती, आणि ती दोघांनाही दिसत होती. बाप्तिस्मा आंतोलिनला ठाऊक होता, तो मेला. चेलोला अर्धामुर्धा ठाऊक. बाकी सगळा या एका डोक्यात.

“चोवीस,” ओलविदो म्हणाली. “थंडीत तीस.”

“ब्रश कसा मारायचा?”

“उभा. आडवा मारलास तर चरे पडतात, पत्रा तिथंच धरतो. वरचा काठ दोनदा मारायचा.”

“वीज?”

“निम्मी. पहिला तासभर तर निम्म्याहून कमी.”

“आणि झालं हे कळायचं कसं?”

“कोपऱ्यात नख घालायचं. कांद्याचा पापुद्रा सुटतो तसा सुटला पाहिजे. तुटला तर पुन्हा आत. तुटलेला चालेल म्हणून पुढं ढकलायचा नाही, एकसुद्धा.” ती भराभर बोलत होती, आपल्याकडून काही राहून जाईल याचीच भीती असल्यासारखी. “चिकटलेलं जस्त आधी आम्लात उतरवून घे. आणि पाचशे प्लेटा एकदम नको घालूस. चौदा नंबरमध्ये चाळीस मावतात. आज रात्रीपासून लागलास तरच तीन आठवड्यांत होतील.”

तो लिहीत होता. बारीक, सावकाश अक्षर. लिहून झाल्यावर त्यानं पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. तिनं एक आकडा दुरुस्त केला.

“आणखी काही?”

ओलविदोनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. “नाही. एवढंच.”

“म्हणजे आता तुझी गरज नाही,” बेलार्मिनो म्हणाला. टोमणा नव्हता तो. हौद भरला का, हे बघून माणूस नळ बंद करतो तेवढ्याच आवाजात तो बोलला.

“नाही,” ती म्हणाली.

तो डायरी मिटून आत गेला, चौदा नंबरच्या दिशेनं. पहारेकऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिचं ओळखपत्र मागून घेतलं.